मुलीने एक्स-रे शिकायला काय हरकत आहे?



आज स्वयंपाकघरातला विषय नाही, पण निघालाय तो आमच्या स्वयंपाकघरातूनच. आमची पुतणी, म्हणजे मोठ्या जाऊबाईंची मुलगी, बारावी सायन्स झाली. मार्क बरे पडले, डॉक्टरकीला पुरतील इतके नाही. तिला रेडिओग्राफी शिकायची आहे. सोप्या भाषेत, एक्स-रे, सीटी स्कॅन काढायचे शिक्षण. पोळ्या लाटता लाटता तिने हे सांगितले आणि जाऊबाईंच्या हातातले लाटणे तिथेच थांबले.

"किरणांमध्ये उभी राहशील आयुष्यभर? उद्या लग्न झाल्यावर काय?"

पुतणी काही बोलली नाही. माझ्याकडे बघितले फक्त. कारण तिच्या डोक्यात हे खूळ (हा जाऊबाईंचा शब्द) कुठून आले, ते आम्हा दोघींनाच माहीत होते.

झाले असे. मागच्या शेषकाळात महासतीजी ठाणा ३ वडसा-अर्जुनीकडून विहार करत आमच्या भागात आल्या होत्या. प्रतापगडात आमचे एकच जैन घर. जवळ स्थानक नाही, संघ नाही. महाशिवरात्रीला डोंगरावर लाखाची गर्दी होते, बाकी वर्षभर शांतता. त्यामुळे महासतीजींची चाहूल लागली की आम्ही दोघी-तिघी जमेल तितकी सोबत करतो. त्या दिवशी सकाळच्या धुक्यात एका लहान महासतीजींचा पाय रस्त्याच्या कडेच्या मुरुमावरून घसरला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट बघता बघता सुजले. मोठ्या महासतीजींनी आज्ञा दिली, म्हणून चालतच जवळच्या मोठ्या गावात एक्स-रे काढायला गेलो. मी आणि पुतणी बरोबर होतो.

तिथे एक्स-रे काढणारा मुलगा चांगला होता, अदबीने वागला. पण पुरुष. महासतीजींना त्याचा स्पर्श चालणार नाही, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग ताई, तुम्हीच हात धरा, मी सांगतो तसा." मला शिशाचा जड एप्रन घातला. मी महासतीजींचा हात पाटीवर ठेवला. त्याने दुरून सांगितले की बोटे सोडा, तुमचा हात बाहेर घ्या. मला वाटले, सोडले तर हात लटपटेल, दुखेल. मी नाहीच सोडला. पहिला फोटो आला, त्यात महासतीजींच्या मनगटावर माझी बोटे आणि माझ्या दोन सोन्याच्या बांगड्या! हाडाचे काही दिसतच नव्हते. बांगड्या काढल्या. दुसऱ्या वेळी हात हलला, फोटो धूसर. मग आडवा हात ठेवायचा तो मी तिरका ठेवला. असे करत करत जे काम दोन फोटोंत व्हायचे त्याला पाच लागले. आणि प्रत्येक वेळी महासतीजी डोळे मिटून नवकार म्हणत होत्या. दुखण्यासाठी नाही हो, आपल्यामुळे ही विराधना पुन्हा पुन्हा होते आहे म्हणून. वीज, यंत्र, अग्निकायाचे जीव. त्याची आलोयणा त्या नंतर घेणार होत्याच. पण ती पाच वेळांची झाली ती माझ्या अडाणीपणाने.

परतताना पुतणी म्हणाली, "काकू, तिथे कोणी बाई असती ना, तर दोनात झालं असतं."

बस, तिथून सुरू झाले हे.

मी लगेच हो म्हटले नाही, हे कबूल करते. माझ्याही मनात तीच भीती होती जी जाऊबाईंच्या आहे आणि, खरे सांगा, तुमच्याही आहे. आमच्या सासूबाई तर त्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "आधी आंघोळ कर, मग स्वयंपाकघरात ये." किरणे लुगड्याला चिकटून घरात येतात, असे त्यांना वाटले. मला नक्की माहीत नव्हते, म्हणून मीही केली आंघोळ. नंतर पुतणीने माहितीपत्रके आणली, मी मोबाईलवर वाचले, गोंदियाच्या एका ओळखीच्या डॉक्टरीण बाईंना विचारले. जे कळले ते सांगते, कारण आपण ज्याला घाबरतो ते नीट बघत नाही.

एक्स-रेचे यंत्र म्हणजे पेटलेली चूल नव्हे, दिव्याचे बटण आहे. बटण दाबले त्या क्षणापुरती किरणे निघतात. सोडले की संपली. खोलीत उरत नाहीत, कपड्याला लागत नाहीत, रुग्णाच्या अंगातून दुसऱ्याला जात नाहीत. शिकलेली व्यक्ती बटण दाबताना आडोशामागे उभी असते. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथा हिस्सा होतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. छातीच्या एका एक्स-रेने शरीराला जितकी किरणे मिळतात, साधारण तितकी जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला आठ-दहा दिवसांत अशीही मिळत असतात. सीटी स्कॅनचे तसे नाही, पोटाच्या सीटीला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून "सगळंच स्कॅन करून टाका" म्हणणाऱ्या नातेवाइकांना आवरायला हवे. आणि सोनोग्राफी व एमआरआयमध्ये ही किरणे नसतातच, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळले.

लग्नाचे आणि मूलबाळाचे म्हणाल, तर त्यासाठी देशाचे नियम आहेत. मुंबईला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, १९८३ पासूनचे. किरणांचे काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, ही मर्यादा. छातीवर एक छोटा बिल्ला लावायचा असतो, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि कोणाला किती किरणे लागली याची नोंद राहते. बाईने दिवस गेल्याचे सांगितले की पोटातल्या बाळासाठी मर्यादा एकदम खाली येते, १ मिलिसिव्हर्ट, आणि त्याप्रमाणे काम बदलून द्यावे लागते. आता मला सांगा, स्वयंपाकघरात धुरात, तेलाच्या वाफेत आपण तीस-तीस वर्षे उभ्या राहिलो. आपल्या छातीवर कोणी बिल्ला लावला होता?

सुरुवातीच्या काळात मात्र लोक खरेच भाजले, मेले. जर्मनीत राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ ला या किरणांचा शोध लावला. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. (माझ्या बांगड्यांची आठवण येऊन मला हसू आले.) अमेरिकेत एडिसनच्या हाताखाली काम करणारा क्लॅरन्स डॅली याच किरणांनी हात गमावून १९०४ मध्ये गेला. आजचे नियम अशा माणसांच्या दुःखातून आले आहेत. भीती खोटी नव्हती. पण ती शंभर वर्षांपूर्वीच्या न शिकलेल्या हातांची भीती आहे आणि आपण ती आज शिकायला निघालेल्या मुलीला घालतो.

मला ज्याने हलवले ते वेगळेच होते. पुतणीने मला या विषयातले मुख्य तत्त्व वाचून दाखवले. गरज असेल तरच फोटो काढायचा. काढायचाच तर जितक्या कमी किरणांत नीट दिसेल तितकीच वापरायची. ज्या भागाचा काढायचा तेवढ्याच भागावर झोत बांधून घ्यायचा, बाकी शरीर झाकायचे. आधी काढलेला आहे का ते विचारायचे. आणि पहिल्यांदाच असा नीट काढायचा की पुन्हा काढावा लागू नये.

मी म्हटले, अगं, ही तर यतना!

आपण सकाळी गॅस पेटवण्याआधी शेगडी पूंजून घेतो, ती याच विचाराने ना? पाणी गाळतो, लागेल तेवढेच घेतो. हिंसा पूर्ण टळणार नाही हे माहीत आहे, संसारात आहोत. म्हणून जी टळेल ती टाळायची, आणि जी करावी लागेल ती जागे राहून, मोजून करायची. ज्या मुलीने लहानपणापासून हे घरात बघितले, तिच्याइतकी या कामाला लायक कोण? निष्काळजी हात एका मनगटाला पाच फोटो लावतो. ते मी स्वतः करून बसले आहे.

एका मैत्रिणीने विचारले, एक्स-रेच्या फिल्मला जनावराचे काही असते म्हणे? बरोबर विचारले. जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असायचा, आणि जिलेटिन हाडांपासून, कातडीपासूनच बनते. आता बऱ्याच ठिकाणी चित्र थेट संगणकावर येते, डॉक्टर ते तिथेच बघतात. छापलेली प्रत आपणच हट्टाने मागतो, फाईलला लावायला.

आता बाईच का हवी, ते सांगते. महासतीजींचे सोडा, आपल्याच बघा. छातीच्या एक्स-रेला गळ्यातले काढावे लागते, ब्लाउजला हुक-बटणे असली तर गाऊन घालावा लागतो, वेणी खांद्यावरून वर घ्यावी लागते, पाटीला छाती टेकवून श्वास रोखायचा. पुरुषासमोर आपल्या बायका इतक्या आखडून उभ्या राहतात की फोटो बिघडतो. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, "दिवस गेले आहेत का? पाळी कधी आली होती?" हा प्रश्न किरणे सोडण्याआधी विचारायचाच असतो. आमच्या गावातली नवी सून, सासू शेजारी उभी असताना, परक्या मुलाला याचे उत्तर देईल? मान हलवेल आणि मोकळी होईल. बाईने बाजूला घेऊन विचारले तर सांगेल. स्तनांच्या कर्करोगाची मॅमोग्राफी तर बाईच्या हाताशिवाय कोणी करूनच घेणार नाही, आणि आपल्या देशात बायकांमध्ये हाच कर्करोग सर्वांत जास्त आहे.

आमचा भाग कसा आहे तेही बघा. धानाची शेती, चिखलात रोवणी, बांधावरून घसरणे रोजचे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यात खुब्याचे हाड झिजते, वारंवार फोटो लागतात. क्षय आहेच. गावातले लोक, पलीकडचे आदिवासी पाडे, १९७२ पासून इथे राहणारी तिबेटी वसाहत, सगळ्यांना हाडे सारखीच. २०१६ ला गोंदियात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे अशा शिकलेल्या माणसांची गरज आता जिल्ह्यातच आहे. मुलगी शिकली तर पुण्या-मुंबईलाच जावे लागेल असे नाही.

आता थोडे कडू बोलते, रागवू नका.

२००१ च्या जनगणनेत देशातल्या सगळ्या धर्मांत जैन स्त्रिया साक्षरतेत सर्वांत पुढे होत्या, ९०.६ टक्के. आपण हा आकडा प्रत्येक समारंभात सांगतो. त्याच जनगणनेतला दुसरा आकडा कोणी सांगत नाही. काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण आपल्यात सर्वांत कमी होते, ९.२ टक्के. आपण मुलींना शिकवतो, आणि मग ती पदवी लग्नाच्या बायोडेटात लावून कपाटात ठेवतो. घरकाम हे काम नाही असे मी म्हणत नाही, मी स्वतः तेच केले. जिला घरात राहायचे आहे तिने खुशाल राहावे. पण जी स्वतःहून म्हणते आहे की मला हे शिकायचे आहे, तिला अडवताना आपण कोणते पुण्य जोडतो?

तिसरा आकडा आणखी बोचतो. त्याच वर्षी आपल्या समाजात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८७०. मुंगी वाचवणाऱ्या घरांत. सोनोग्राफीच्या यंत्राचा हा उपयोग थांबवायला महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला, मग १९९४ मध्ये देशाचा झाला. यंत्र ना पापी ना पुण्यवान, ते कोणाच्या हातात आहे हा प्रश्न. त्या खोलीत आपली एखादी मुलगी, आपले संस्कार घेऊन उभी असलेली मला हवी आहे.

आणि धर्माचे म्हणाल, तर वैयावच्च, म्हणजे आजारी-थकलेल्यांची सेवा, आपल्याकडे सहा अभ्यंतर तपांपैकी एक. उपवासाच्या बरोबरीचे तप. पर्युषणात आपण अठ्ठाईची वरघोडी काढतो. वैयावच्चाची कोणी काढलेली मी पाहिली नाही. जाऊबाईंना मी हेच म्हटले, तर त्या म्हणाल्या, "वैयावच्च पगार घेऊन करत नाहीत." मी निरुत्तर झाले थोडा वेळ. अजूनही याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण भाऊजी दुकानात तांदूळ विकतात, तेव्हा नफा घेतात आणि माप चोख देतात. त्याला आपण धर्माने वागणे म्हणतोच ना?

व्यवहाराच्या अडचणी आहेत, त्या मी लपवणार नाही. शिक्षण तीन वर्षांचे, त्यानंतर इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी नावाची पदवी आहे, तिच्यात रेडिओग्राफीची शाखा असते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवे. शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र, रुग्णाला कोणत्या स्थितीत ठेवायचे, सुरक्षा, आणि पुष्कळ प्रत्यक्ष काम. गल्लीतल्या गाळ्यात "सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन" अशी पाटी लावणारे निघाले आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. २०२१ मध्ये अशा सगळ्या सहायक वैद्यकीय शिक्षणांसाठी केंद्राचा कायदा आला आहे. प्रवेशाआधी मान्यता कोणाची, विद्यापीठ कोणते, आणि हाताने काम शिकायला रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न लेखी विचारा. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय नसेल किंवा मोठ्या रुग्णालयाशी जोडणी नसेल, तर मुलगी पुस्तकातच हाडे बघेल.

वसतिगृहात जेवण कांदा-बटाट्याचे असणार. रात्रपाळी असणार. चौविहाराचे काय, हा जाऊबाईंचा दुसरा प्रश्न होता, आणि पहिल्यापेक्षा मोठा. यावर मी इतकेच म्हटले की आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य पावणेसहाला मावळतो, तेव्हा ती घरी असली तरी क्लासहून येईपर्यंत उशीर होतोच. डबा लवकर खाऊन रात्रपाळीला जाता येते, सकाळी नवकारसीनंतर घरी येऊन खाता येते. खाकरे, मुगाची पापडे, कोरडी चटणी, मेथीचे ठेपले हे तर आपले जुने सोबती. एखाद्या दिवशी जमले नाही, अपघाताचे रुग्ण आले आणि सूर्यास्त हुकला, तर त्या दिवशी उपाशी झोपायचे की सूट घ्यायची हे तिचे तिला ठरवू द्यावे. नियम तिचा आहे, आपल्या मनगटाला बांधलेली दोरी नाही.

पुतणीचेही एक सांगते. तिला वाटते आपण यंत्र चालवू. मी तिला म्हटले, बाळ, यंत्र कोणीही चालवेल. वेदनेने कळवळणाऱ्या म्हातारीला "एक मिनिट हलू नका आजी" असे सांगून खरेच एक मिनिट स्थिर ठेवणे, ते तुला शिकायचे आहे. ती थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी हात सोडला नाही, ते मला आठवतं. मी कशी सोडायला लावली असती तुम्हाला, याचा विचार करते कधी कधी." माझ्याजवळ यावरही उत्तर नव्हते.

महासतीजींचे हाड, सांगायचे राहिलेच, तडकले होते. पाचव्या फोटोत दिसले. सहा आठवडे पाटा होता. त्या तेवढे दिवस जवळच एका श्रावकांच्या घरी थांबल्या, मी दोनदा वंदनाला जाऊन आले. दुसऱ्या वेळी पुतणीलाही नेले. तिने त्यांना विचारले, हे शिकू का? महासतीजी संसाराच्या कामाला हो-नाही म्हणत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्या हसल्या, आणि तिला रोज एक सामायिक करण्याचा नियम देऊन टाकला. वसतिगृहातसुद्धा जमेल असा, असे वर म्हणाल्या. "वसतिगृहातसुद्धा" हा शब्द मी घरी येऊन जाऊबाईंना जसाच्या तसा सांगितला.

जाऊबाईंचा होकार अजून आलेला नाही. अर्ज भरायची मुदत जवळ आली आहे. काल रात्री प्रतिक्रमणानंतर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तो बिल्ला म्हणतेस तो, तो रोज लावतात की कधी कधी?"

मी म्हटले, रोज.